डाव्या हाताने

२७ जानेवारी, सोमवार

संमेलनवाल्यांचं उत्तर आलं. माझा ब्लॉग ज्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते वापरणाऱ्यांचं आणि घडवणाऱ्यांचं दोन दिवसांचं संमेलन आहे. त्यात मला दहा मिनिटं बोलायचंय. विषय त्यांनीच दिलाय: ‘ब्लॉगने मला काय दिलं’. मी अर्ज केला होता तो आपला गंमत म्हणून. तीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवले, माईक कधी हातात धरला नाही.

ह्यांना मेल वाचून दाखवली. खिडकीबाहेर बघत होते. “जाऊ का?” विचारलं, तर “हो” म्हणाले. पण ह्यांच्या हो-नाहीवर काही भरवसा नाही. तीन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. चार-पाच शब्द उरलेत, त्यातले हो आणि नाही एकमेकांच्या जागा घेतात. चहा हवा का म्हटलं की “नाही” म्हणतात आणि कप पुढे करतात. म्हणून हल्ली मी विचारत बसत नाही, चेहऱ्यावरून ओळखते. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते, लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात हयात गेली, आणि आता स्वतःचा एक शब्द धड जागेवर येत नाही. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.

ब्लॉगवर बातमी टाकली. संध्याकाळपर्यंत चौसष्ट अभिनंदनं.

३० जानेवारी, गुरुवार

भाषणात दाखवायला ह्यांचा नवा फोटो हवा होता, एका हाताने शर्टाची बटणं लावताना. तीनदा तोंड फिरवलं. उजेड डोळ्यांवर येत असेल म्हणून पडदा ओढला, तरी तेच. शेवटी बाजूने काढला. चेहरा अर्धाच आलाय, पण हात छान दिसतोय. ब्लॉगचं नावच ‘डाव्या हाताने’ आहे, तेव्हा हात महत्त्वाचा.

“टाकू ना हा?” विचारलं. “राहू दे,” म्हणाले. हा शब्द मात्र ह्यांचा पक्का आहे, कधी चुकत नाही. टाकला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हे बागेत जायला तयार नाहीत. तिसरा आठवडा झाला. बुटांपाशी नेलं की पायाकडे बोट दाखवतात. डॉक्टरांनी दोन्ही पाय तपासले, म्हणाले पायाला काही झालेलं नाही. मग काय झालंय ते त्यांनाही सांगता येईना.

शेवटचे गेलो तेव्हा तर दिवस चांगला गेला होता. छापखान्यातले दोघं मित्र बाकावर होते. त्यातल्या एकाने पाठीवर थाप मारून विचारलं, “काय, न्हाणीघरात चटई टाकली का आता?” म्हणजे त्याने माझी ‘पडलो तर’ ही पोस्ट वाचली होती. मला बरं वाटलं. आपलं लिहिलेलं ओळखीची माणसंही वाचतात तर.

भाषण तीनदा लिहून झालं. अकरा मिनिटं होतंय. काय कापावं कळत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नणंद आली. ह्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटी, पण तोंडाने सहा वर्षांनी मोठी. मी फ्रीजवर सूचनांचा कागद चिकटवला होता: गोळ्या, व्यायाम, पाणी कसं द्यायचं, घास किती मोठा, सगळे मिळून सत्तावीस मुद्दे. तिने तो चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“वहिनी, हा माझा दादा आहे. कुंडीतलं झाड नाही.”

“वन्सं, तुम्हाला दोन दिवस सांभाळायचंय, मला तीन वर्षं झाली.”

“म्हणून तर जा म्हणते. जा, सुटा एकदाच्या.”

निघताना हे दारापर्यंत आले. डावा हात वर केला. बसमध्ये चार तास भाषण पाठ करत बसले. शेजारच्या बाईला वाटलं मी तिच्याशीच बोलतेय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एका कॉलेजची इमारत आहे, सुट्टीची. दारात नोंदणीला बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर बसले होते. ते म्हणाले, “मी फक्त ओरिगामीबद्दल लिहितो. नऊ वाचक आहेत, त्यातले दोन घरचे.” त्यांनी गळ्यात अडकवायला पट्टा दिला. त्यावर माझ्या नावाखाली ब्लॉगचं नाव. ते वाचून ते खुर्चीतून उठलेच. “अहो, म्हणजे ते गाणारे गृहस्थ...!” मी म्हटलं, “हो, ते माझे मिस्टर.”

ह्यांचं गाणं मी गेल्या वर्षी टाकलं होतं. बोलता न येणारा माणूस कधीकधी गाऊ शकतो, मेंदूत त्याची जागा वेगळी असते, असं ह्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगत. एके दिवशी खरंच आतल्या खोलीतून गाण्याचा आवाज आला, शब्दांसकट. मी दाराआडून मोबाईल धरला. माझी सगळ्यात जास्त बघितली गेलेली पोस्ट तीच.

सकाळची भाषणं बहुतेक डोक्यावरून गेली. एका पोराने अर्धा तास सांगितलं की पान दीड सेकंद लवकर कसं उघडेल. उरलेल्या वेळाचं काय करायचं ते नाही सांगितलं. पण माणसं चांगली आहेत. कुणी कुणाला अडाणी समजत नाही. मी विचारलेला प्रश्न इतका सोपा होता की विचारतानाच लाज वाटली, तरी दोघं जण आपलं जेवण सोडून माझ्याजवळ येऊन बसले.

जेवणाच्या रांगेत एक इलेक्ट्रिशियन भेटले. पन्नाशीचे असतील. त्यांच्या पत्नीला दीड वर्षापूर्वी झटका आला, तेव्हापासून त्या एक शब्दही बोललेल्या नाहीत. ताट तसंच हातात धरून ते म्हणाले, “ताई, तुमच्या पोस्टा वाचून मी हिला भरवायला शिकलो. दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं की मान खाली घालून गिळायचं असतं. आणि तुमच्या मिस्टरांचं गाणं रोज सकाळी लावतो. ती ओठ हलवते.” तीन वर्षांचे कष्ट कुठेतरी पोचले.

दुपारी ‘तपासणी टेबल’ होतं. तिथे आपली साइट अंधांना वापरता येते का ते बघून देतात. बघणारी बाई स्वतः अंध आहे. तिशीतली, सॉफ्टवेअर तपासण्याचीच नोकरी करते. तिच्या लॅपटॉपमधला यांत्रिक आवाज पान वाचून दाखवतो. तिने वेग कमी केला, मला कळावं म्हणून, आणि आवाज स्पीकरवर टाकला, टेबलावरच्या पाच-सहा जणांनाही ऐकू यावं म्हणून.

“शीर्षक. पातळी एक. पलंग ओला. आज ह्यांनी पुन्हा पलंग ओला केला. मी चादर बदलत असताना हे भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. चित्र. वर्णन नाही. चित्र. वर्णन नाही.”

एकाने उगाच पाण्याची बाटली उघडली. मी म्हटलं, “मी इतकं कोरडं नाही लिहिलेलं. या आवाजात ते तसं वाटतं.”

“आवाज तसाच असतो काकू,” ती म्हणाली. “तुमची साइट चांगली बांधलीय. फक्त चित्रांना वर्णन द्या. आम्हाला त्यावरूनच कळतं. हे पहिलं कसलं आहे?”

“माझे मिस्टर आहेत.”

“काय करतायत?”

“जेवतायत. म्हणजे, घास तोंडातून सांडतोय. डोकं कसं नाही ठेवायचं ते दाखवायला काढलाय.”

“तर मग तसंच लिहा. चित्रात जे आहे ते.”

मी टाइप करायला बसले. ‘तोंडातून घास सांडत असलेला पुरुष.’ ‘न्हाणीघरात जमिनीवर बसलेला पुरुष, अंगावर टॉवेल.’ ‘पलंगावर पाठ करून रडणारा पुरुष.’ अकरा झाली. दोनशेच्या वर आहेत. डोळे दुखायला लागले म्हणून लॅपटॉप मिटला.

१६ फेब्रुवारी, रविवार

भाषण झालं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

शेवटी ह्यांचं गाणं लावलं. अख्खं सभागृह उभं राहिलं. इलेक्ट्रिशियन पहिल्या रांगेत डोळे पुसत होते.

मग प्रश्न. दोन सोपे आले. तिसरा कालच्या तपासणीवाल्या बाईचा.

“काकू, हे सगळं ब्लॉगवर टाकायचं का, ते त्यांना विचारलं होतं?”

“विचारलं होतं ना. प्रत्येक वेळी नाही, पण विचारलं. ते म्हणाले, राहू दे.”

मागे कुणीतरी हसलं. त्याला वाटलं मी विनोद केला. ती मात्र हसली नाही.

“राहू दे म्हणजे असू दे, की राहू दे म्हणजे नको?”

“असू दे,” मी म्हटलं. माईक पुढे गेला.

खाली उतरल्यावर पुष्कळ जण भेटले, हात हातात घेतले. कॅशियरने कागदाचा बेडूक करून दिला. ती बाई वाईट नाही, पण चारशे लोकांत विचारायची ही गोष्ट होती का? घरी तीन वर्षं कोण निस्तरतंय? तिला काय माहीत.



१७ फेब्रुवारी, सोमवार

घरी सगळं आलबेल. उलट जास्तच आलबेल. फ्रीजवरचा कागद जागच्या जागी, पण त्यातलं काही पाळलेलं दिसत नाही. हे दोन्ही दिवस बागेत गेले होते.

“पाय दुखतो म्हणाले नाहीत?” मी विचारलं.

“मी म्हटलं, चल, तुझ्याबद्दल मला काहीच माहीत नाही आणि मी कुणाला काही सांगणार नाही. उठून बूट आणले त्याने.” मग नणंद म्हणाली, “पत्त्यांत मला चारदा हरवलं. आणि काल गायला.”

“कोणासमोर?”

“माझ्यासमोर. आधी मला दार लावायला लावलं.”

मला झोंबलं. तीन वर्षं मी करते आणि गाणं हिच्यासाठी. तसं बोललेही. ती चिडली नाही, बॅग भरत राहिली. मग म्हणाली, “वहिनी, तुम्ही नोकरीत असताना माझ्या सासऱ्यांचं रक्त तुमच्याच लॅबला आलं होतं, आठवतं? मी तुमच्या मागे लागले होते रिपोर्ट सांगा म्हणून. घरातली माणसं होतो आम्ही. तुम्ही काय म्हणालात?”

आठवत होतं. ‘ज्याचं रक्त, त्याला विचारा.’

ती दुपारच्या गाडीने गेली. तिच्याशी नीट बोलले नाही, हे बरं केलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस एक प्रयोग केला. ह्यांना कळू न देता.

जेवण अर्धं झालं असताना विचारलं, “ताट उचलू का?” “राहू दे.” ताट जवळ ओढलं.

थंडी असताना विचारलं, “पंखा लावू का?” “राहू दे.” शाल अंगावर घेतली.

“खिडकी लावू का?” “राहू दे.” बाहेर बघायचं होतं.

“पायाला तेल लावू का?” “राहू दे.” पाय आत घेतला.

नऊ वेळा विचारलं. कधी वस्तू राहिली, कधी आलीच नाही. तपासणीवाल्या बाईचा प्रश्न बरोबर होता, शब्दावरून काही ठरत नाही. पण नऊच्या नऊ वेळा एक गोष्ट तीच होती: मी जे करायला निघाले होते, ते ह्यांना नको होतं.

मी दर वेळी विचारलं होतं, ‘टाकू का?’

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्या पोस्ट छापून आणल्या. एकशे बारा. दुकानदार म्हणाला, “पुस्तक काढताय का?”

गठ्ठा ह्यांच्यापुढे ठेवला, शिसपेन्सिल ठेवली. म्हटलं, “मी विचारायला हवं होतं. नीट विचारलं नाही. आता तुम्ही बघा. जे नको ते काटा, काढून टाकते.”

ह्यांनी पहिलं पान ओढलं, कोपराने टेबलावर दाबून धरलं, आणि डाव्या हातात पेन्सिल घेतली. वाचता येतं का, किती समजतं, ते आम्हाला कुणालाच नक्की माहीत नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, थोडं थोडं.

पहिल्याच ओळीत माझ्या ‘औशध’मधला श काटून समासात ष काढला. वाकडातिकडा, पण ष.

मी स्वयंपाकघरात गेले आणि सिंकजवळ उभी राहिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सात दिवस. रोज सकाळी न्याहारीनंतर बसतात, थकले की पेन्सिल ठेवतात. आज संपलं.

एकाहत्तर पोस्ट उभ्या रेघेने काटल्या. एकेचाळीस ठेवल्या. मला वाटलं होतं मला अंदाज येईल, पण एकही अंदाज बरोबर आला नाही. ‘पडलो तर’ जाईल असं वाटलं होतं. ठेवली. फक्त मी कशी धावले आणि हे कसे रडले तो परिच्छेद काटला. भिंतीला दांडा किती उंचीवर लावायचा ते तसंच ठेवलं. गिळण्याच्या पोस्ट सगळ्या ठेवल्या, फोटो काढायला लावले. ‘माझा धीराचा माणूस’ ही पोस्ट मी ह्यांच्या वाढदिवसाला लिहिली होती, प्रेमाने. ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत काटली, इतक्या जोरात की कागद फाटला.

आणि गाणं काटलं.

तिथे मी ऐकलं नाही. म्हटलं, “हे नको. बाकी सगळं काढते. ह्याने लोकांना आधार होतो. त्या इलेक्ट्रिशियनची बायको ओठ हलवते, सांगितलं ना तुम्हाला.” ह्यांनी पानावर पुन्हा रेघ ओढली. मी म्हटलं, “तुम्ही किती सुंदर गाता ते कळू दे की लोकांना!” ह्यांनी पेन्सिल फेकली. ती कपाटाखाली गेली. तीन वर्षांत आम्ही भांडलो नव्हतो. आजारी माणसाशी कोण भांडतं? आज चांगला अर्धा तास भांडलो. मी शब्दांनी, हे बिनशब्दांचे. “अगं! अगं! अगं!” एवढंच, पण तीन वेळा तीन निराळे.

मग मीच गुडघ्यावर बसून झाडूने पेन्सिल बाहेर काढली आणि परत दिली.

१ मार्च, शनिवार

सगळं काढलं. सॉफ्टवेअर दर पोस्टला विचारतं, ‘नक्की काढायचं?’ एकाहत्तर वेळा विचारलं. ते तरी विचारतं.

संमेलनवाल्यांची मेल आली. भाषणाची ध्वनिचित्रफीत शुक्रवारी चढवतील, माझी हरकत नाही ना? ‘राहू दे’ असं लिहिणार होते. मग ‘चढवू नका’ असं स्पष्ट लिहिलं. खाली हेही लिहिलं की त्या प्रश्नाला मी चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि प्रश्न विचारणाऱ्या बाईंना तसं कळवावं.

५ मार्च, बुधवार

वाचक नाराज आहेत. एकीने लिहिलं, ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ एकाला वाटलं हे गेले, त्याने श्रद्धांजली वाहिली. छापून ह्यांना दाखवली. ह्यांनी त्यातलीही वेलांटी सुधारली.

इलेक्ट्रिशियनची मेल मात्र वेगळी. ‘ताई, गाणं दिसत नाही. काही कारण असेल. मी उतरवून ठेवलं नव्हतं. ही सकाळी मोबाईलकडे बघते आणि वाट बघते. तिला काय सांगू?’

चार उत्तरं लिहिली, चारही खोडली. शेवटी तीही मेल छापून आणली आणि ह्यांना वाचून दाखवली. म्हटलं, “मी काहीच सुचवत नाही. फक्त वाचून दाखवते.” ह्यांनी हाताने खूण केली, पुन्हा वाच. पुन्हा वाचली. मग उठून आत गेले.

९ मार्च, रविवार

सकाळी दहाला ह्यांनी माझा मोबाईल आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी कॅमेरा उघडला. सवय. ह्यांनी तो अंगठ्याने बंद केला आणि शेजारच्या कागदावर बोट ठेवलं. इलेक्ट्रिशियनची मेल होती ती, खाली त्यांचा नंबर. चार दिवस हे तो कागद जवळ बाळगून होते हे मला माहीतच नव्हतं.

“फोन लावू?” मी विचारलं. “नाही,” म्हणाले, आणि मोबाईल माझ्या हातात खुपसला.

लावला. इलेक्ट्रिशियनना सगळं सांगितलं: गाणं का काढलं, कुणी काढलं, आणि आता कुणाला बोलायचंय. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ते म्हणाले, “तिला जवळ बसवलंय.”

ह्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, स्पीकरवर. माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताने दार दाखवलं.

मी बाहेर आले. दार मीच ओढून घेतलं. कान देऊन ऐकलं असतं तर ऐकू आलं असतं, आमची दारं पातळ आहेत. मी गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, झालेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. बावीस मिनिटं लागली.

हे बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. मी पाणी दिलं. काही विचारलं नाही.

दुपारी इलेक्ट्रिशियनची मेल आली, दोनच ओळींची. ह्यांच्या नावावर होती, माझ्या नाही. ह्यांना वाचून दाखवली. ती इथे उतरवत नाही.